लोणच्यातला स्फटिक

माझे धाकटे दीर अनिरुद्ध हे दगड ओळखतात. निदान शनिवार पेठेतल्या त्यांच्या खोलीबाहेरच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे. ‘येथे दगड ओळखून मिळेल. ओळख पटल्यावर वाद घालू नये.’ पाटी त्यांनी स्वतः रंगवली आहे. अक्षर सुंदर आहे, ते मान्य केलं पाहिजे. आमच्या सासऱ्यांनी दोन्ही मुलांना सारखंच शिकवलं. थोरल्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यातून नोकरी लागली. धाकट्याला अक्षर.

भावजी आज अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. एवढ्या आयुष्यात त्यांनी चुंबकाच्या गाद्या विकल्या, लोकांच्या नावातली अक्षरं कमीजास्त करून दिली, सहीवरून स्वभाव सांगितला आणि मधली दोन वर्षं गव्हांकुरांचा रस काढला. गव्हाला बुरशी आली. नावातलं एक अक्षर वाढवलेल्या गृहस्थांचं पासपोर्टचं काम अडलं, ते चिडून घरी आले आणि जिन्यातच तासभर बसून राहिले. गादीवर चार महिने झोपलेल्या एका बाईंची पाठ होती तीही गेली. प्रत्येक धंदा बंद पडला तेव्हा भावजींनी कारण मात्र एकच सांगितलं. लोकांची अजून तयारी झालेली नाही. लोकांची तयारी व्हायची वाट बघत ते तीस वर्षं श्रद्धाच्या पगारावर जेवत आहेत. श्रद्धा ही त्यांची बायको, माझी जाऊ, बँकेत आहे. तिच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, तिनेच नको म्हणून सांगितलं आहे. अनिरुद्ध श्रद्धेवर जगतो असं आमच्या नात्यात म्हणतात, ते दोन्ही अर्थांनी खरं आहे.

तीन वर्षांपूर्वी ते कुठल्याशा डोंगरातल्या तीन दिवसांच्या शिबिराला गेले. जाताना पॅन्ट-शर्टात गेले, येताना पांढऱ्या झब्ब्यात आले, आणि बरोबर एक जड पिशवी. पिशवीत पांढरे दगड होते. काही दुधासारखे, काही अर्धवट विरघळलेल्या बर्फासारखे. त्या दिवसापासून ते स्फटिकांचे जाणकार झाले. आमच्या जुन्या वाड्याच्या जागी बिल्डिंग झाली तेव्हा पहिल्या मजल्यावरची एक खोली त्यांच्या वाट्याला आली होती, तिथे काळं कापड अंथरून दगड मांडले. प्रत्येक दगडाबरोबर एक प्रमाणपत्र मिळतं. त्यावर दगडाचा फोटो लहान आहे आणि भावजींचा मोठा.

आता खरं ते लिहायला हवं. त्यांना हा एक दगड खरोखर ओळखता येतो. काच, चुन्याचा दगड आणि स्फटिक वेगळे काढायला ते तीन दिवसांत शिकले, आणि जे शिकले ते बरोबर शिकले. माझा राग त्याचाच आहे. साफ खोटं बोलणारा माणूस परवडतो, कधीतरी पकडता तरी येतो. भावजी आधी चार गोष्टी खऱ्या सांगतात आणि पाचवी त्यांच्या पाठीवर बसवून आत आणतात.

ही पाचवी गोष्ट माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर नागोरावांच्या गळी उतरली.

आम्ही धायरीला राहतो. माझ्याकडे पोळ्यांना यमुनाबाई येतात, त्याला अकरा वर्षं झाली. दोघं नवरा-बायको मूळचे परभणीकडचे, इथे गावठाणात एका खोलीत असतात. मुलगी लग्न होऊन चिखलीला गेली. नवरा नागोराव मार्केट यार्डात हमाल आहेत, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर. त्याआधी तरुणपणी सात-आठ वर्षं ते खडीच्या खाणीवर होते, दगड फोडायची सुतकी आणि घण घेऊन. मोजकं बोलणारा, आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस. दिवाळीच्या सुमाराला दवाखान्यात त्यांचा रक्तदाब फार वाढलेला निघाला आणि रोज सकाळी एक गोळी सुरू झाली.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी माझं उद्यापन असतं. दीर-जावेला जेवायला बोलावलं होतं. श्रद्धाला रजा नव्हती, भावजींना ती कायमच असते. नेमके त्याच वेळी नागोराव मी सांगितलेली कांद्याची पिशवी घेऊन आले. उद्यापनाच्या दिवशी दारी आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही, म्हणून त्यांचंही पान मांडलं.

भावजींनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, गोळ्या चालू आहेत वाटतं, चेहऱ्यावर दिसतं. नागोराव चपापले. यांना कसं कळलं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी बोटभर वर आली होती. ती मलाही दिसत होती.

मग भावजींनी झोळीतून मखमली पिशवी काढली आणि त्यातला लिंबाएवढा, गुळगुळीत पांढरा दगड नागोरावांच्या हातावर ठेवला. नागोरावांनी तो तळव्यावर तोलला, उजेडाकडे धरला, अंगठ्याने चोळला.

“ही तर गार हाय, गारगोटी,” ते म्हणाले.

भावजी हसले. त्या हसण्यात ते फार दयाळू दिसतात.

“गार नव्हे नागोराव, स्फटिक. हिमालयातला. तुम्ही खाणीवरचे ना? मग तुम्हीच तपासा, माझं ऐकू नका.”

आणि परीक्षा झाली. दगड दाबून माझ्या काचेच्या पेल्यावर ओरखडा काढला. पेला सहाच्या सेटमधला होता. मग सुरीचं टोक दगडावर ओढलं. दगडाला काही झालं नाही, सुरीची लोखंडी रेघ तेवढी वर उठली, तीही बोटाने पुसली गेली. पानातली लिंबाची फोड त्यावर पिळली. फेस नाही, बुडबुडा नाही. शेवटी नागोरावांनी तो गालाला लावला. काच गालाला लावली की जरा वेळाने कोमट होते. हा थंडच राहिला.

काच आहे का, भावजींनी विचारलं. नाही. चुना आहे का. नाही. प्लास्टिक आहे का. छे.

“मग काय आहे?”

“खरा हाय,” नागोराव म्हणाले.

खरा होताच. तिथपर्यंत सगळं खरं होतं. त्यानंतर भावजींनी सांगितलं की हा रात्रभर तांब्याच्या भांड्यात पाण्यात ठेवायचा आणि पहाटे ते पाणी प्यायचं, महिन्याभरात रक्तदाब जागेवर येतो. आणि गोळीचं काय, असं नागोरावांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, गोळी म्हणजे शरीराला दिलेला हुकूम, स्फटिक म्हणजे शरीराशी केलेली बातचीत.

मी त्या वेळी पुरणपोळीवर तूप वाढत होते. पाहुण्याचा अपमान नको, व्रताचा दिवस आहे, असं मनाशी म्हटलं आणि वाढत राहिले. माझं व्रत त्या दिवशी सुफळ झालं असं मी धरत नाही.

दगड नागोराव घेऊन गेले. फुकट गेला नाही, हे सांगायला नको.

दोन महिन्यांनी एका सकाळी यमुनाबाई उशिरा आल्या. कणीक मळता मळता म्हणाल्या, काल यार्डात हे बसले. गोणी पाठीवर असताना डोळ्यांपुढे अंधार आला, डावा हात मुंग्या येऊन जड झाला, शेजारच्याने गोणी उतरवून घेतली म्हणून खाली पडले नाहीत. तासाभराने हात पूर्ववत झाला. दवाखान्यात नेलं तर वरचा आकडा एकशे नव्वद. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी घेता का. घरी येऊन यमुनाबाईंनी ट्रंक उघडली तर गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा, वर मुलीच्या लग्नातला फेटा.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की ही सूचना होती, पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही. पंधरा दिवस ओझं उचलायचं नाही. आणि नागोराव म्हणत होते, स्फटिकाला अजून थोडा वेळ द्यायला पाहिजे. सोमवारी कामावर जातो.

“मी सांगून ऐकंनात,” यमुनाबाई म्हणाल्या. “मला म्हणत्यात, तुला दगडातलं काय कळतं.”

मी त्याच दुपारी शनिवार पेठेत गेले. माझं म्हणणं साधं होतं. नागोराव माझं ऐकणार नाहीत, डॉक्टरीणबाईंचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. एक फोन करा आणि गोळी चालू करा म्हणा.

भावजी काळ्या कापडावरचे दगड मऊ फडक्याने पुसत होते. ते म्हणाले, मी गोळी बंद करा असं म्हणालोच नव्हतो. मी निवड त्यांच्या शरीरावर सोपवली होती.

“मग आता म्हणा, चालू करा.”

“वहिनी, तसं मी म्हटलं तर माझाच माझ्या दगडावर विश्वास नाही असा अर्थ होतो. इथे रोज माणसं येतात.”

मी जायला उठले तेव्हा ते मागून म्हणाले, “तुम्ही देवपूजा झाली की तीर्थ घेताच ना? देवही दगडाचेच. मग माझ्याच पाण्याचा राग का?”

हे त्यांनी बरेच दिवस मनात जपून ठेवलं असावं. मी म्हटलं, “तीर्थ मी पळीभर घेते भावजी, आणि त्यानंतर माझी थायरॉइडची गोळीही घेते. देवाने अजून हरकत घेतलेली नाही.”

माझ्या देवघरात माहेरहून आलेला देवीचा तांदळा आहे, शेंदूर लावलेला, नाकडोळे नसलेला. आज चाळीस वर्षं त्याला फूल वाहते. तो कुठल्या जातीचा दगड आहे हे मी कधी विचारलं नाही आणि त्याला कधी कामाला लावलं नाही. भावजींनी हा फरक समजून घ्यावा अशी माझी अपेक्षा नव्हती. एक फोन करावा एवढीच होती.

त्यांनी केला नाही. आठवडा संपत आला होता, सोमवार जवळ येत होता. मी ठरवलं की त्यांचीच परीक्षा त्यांच्यावर उलटवायची. स्फटिक म्हणजे गारगोटीच, नुसतं नाव बदलून धुऊन-पुसून ठेवलेली, एवढं मला शाळेपासून माहीत होतं. आमच्या सोसायटीमागे नव्या इमारतीचा पाया खणत होते, तिथल्या काळ्या दगडाच्या ढिगात पांढऱ्या ढेपी चमकत होत्या. त्यातली एक चांगली शुभ्र बघून पिशवीत टाकली, एक लिंबू घेतलं आणि रविवारी सकाळी नागोरावांच्या खोलीवर गेले.

ते खाटेवर बसले होते. खिडकीत तांब्याचं भांडं, त्यात तो दगड. मी माझी ढेप पुढे ठेवली आणि म्हटलं, हीही तपासा. तुमच्या स्फटिकासारखीच निघते की नाही बघा. ही आपल्या धायरीची आहे.

नागोरावांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि पहिल्यांदाच थोडे हसले. भिंतीवरच्या आरशाच्या फुटक्या तुकड्यावर ती ओढली. ओरखडा उठला नाही. सुरीचं टोक लावलं तर पांढरा भुगा पडला. भुग्यावर त्यांनी माझ्याच लिंबाचा थेंब टाकला. भुगा फसफसला.

“ताई, ह्यो चुन्याचा दगड हाय,” ते म्हणाले. “बघा, सपाट फुटलाय, अंगाला पायऱ्या पायऱ्या हायत. गार अशी फुटत न्हाई. ती काचेवानी फुटती, शिंपल्यासारखी वाटोळी. आन गारेवर गार घासली तर जळका वास येतो, ह्येला नुसती माती.”

पांढरं दिसलं म्हणून उचललं होतं. जी चूक लोक करतात म्हणून भावजींचं दुकान चालतं, तीच मी करून बसले होते. नागोराव समजुतीच्या सुरात म्हणाले की साहेबांचा दगड असा नाही, तो मी स्वतः तपासून घेतला आहे, खाणीवरच्या माणसाला फसवणं सोपं नाही. त्यांचा विश्वास मी घट्ट करून दिला होता.

यमुनाबाई इतका वेळ चुलीशी, म्हणजे गॅसपाशीच, पाठ करून उभ्या होत्या. आता त्या वळल्या. फळीवरची चिनी मातीची बरणी खाली काढली, तोंडाला बांधलेला दादरा सोडला आणि मनगटापर्यंत हात आत घातला. लिंबाच्या लोणच्यातून त्यांनी एक दगड बाहेर काढला. मोरीत नेऊन राखेने घासला, पाणी ओतलं आणि पदराने पुसून नवऱ्यापुढे ठेवला.

लोणच्याच्या फोडी खाराखाली दडपून राहाव्यात, वर येऊन बुरशी धरू नये, म्हणून वर दगड ठेवायची पद्धत आहे. हा यमुनाबाईंना त्यांच्या आईने लग्नात बरणीबरोबर दिलेला. नदीच्या पात्रातला, झिजून गोल झालेला, दुधासारखा पांढरा.

“आता ह्यो बघा,” त्या म्हणाल्या.

नागोरावांनी आरशाच्या तुकड्यावर ओढला. काच कुरकुरली आणि ओरखडा उठला. सुरी लावली, सुरीची रेघ वर राहिली. लिंबू पिळायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा यमुनाबाई म्हणाल्या, “सव्वीस वर्सं लिंबातच हाय ती.” त्यांनी हात मागे घेतला. दगड गालाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग तांब्याच्या भांड्यातला दगड काढला आणि दोन्ही एकमेकांवर घासून नाकाशी नेले.

“गार हाय,” ते हळू म्हणाले. “दोन्ही गारच.”

“आमच्याकडं लोणच्यात गारच घालत्यात,” यमुनाबाई म्हणाल्या. “का तर चुन्याचा दगड आंबटात इरतो आन लोणचं नासतं. गार काय देत न्हाई, काय घेत न्हाई. सव्वीस वर्सांत लोणच्याला तिचा गुण आला न्हाई का वास आला न्हाई. जेवढं मीठ घातलं तेवढंच खारट. मग एका रातीत पाण्याला काय देईल?”

एवढं बोलून त्या बरणीला दादरा बांधायला लागल्या. मला वाटतं, तीन दिवसांच्या शिबिरात जे शिकवलं नसेल ते त्यांनी बरणी बांधता बांधता सांगून टाकलं होतं. ओळखणं वेगळं, आणि ओळखलेल्या वस्तूला काय जमतं नि काय जमत नाही हे कळणं वेगळं. भावजींनी पहिल्यावरच दुकान थाटलं होतं.

नागोराव भांड्याकडे बघत होते.

“म्हंजे मी दोन महिनं काय पितोय?”

“पाणी,” यमुनाबाई म्हणाल्या.

मग ते खरं बोलले, तेही भिंतीकडे बघून. त्या गोळीने लघवीला फार लागतं. यार्डात गाडी लागली की ओळीने माल उतरतो, मधेच जावं लागलं की पाळी जाते, मागचा माणूस हसतो, मुकादम बोलतो. बायकोला हे काय सांगायचं आणि डॉक्टरीणबाईंना तर त्याहून नाही. तेवढ्यात साहेबांनी गोळीशिवायची वाट दाखवली. दगड खरा निघाला म्हणून वाटही खरी धरली.

यमुनाबाईंनी कपाळावर हात मारला आणि ट्रंक उघडली. ती गोळी त्यांनी आमच्या समोर घेतली. दुसऱ्या दिवशी मी दोघांबरोबर दवाखान्यात गेले. लाजत लाजत नागोरावांनी अडचण सांगितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढंच होतं तर आधी सांगायचं, आणि दुसरी गोळी लिहून दिली. सोमवारी ते कामावर गेले नाहीत.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण नागोरावांना दगड परत करायचा होता. नुकसानभरपाई नको, नुसता परत. आणि त्यांनी भावजींच्या पाटीवर काय लिहिलं आहे ते मला विचारून घेतलं.

पुढच्या रविवारी दहा वाजता आम्ही तिघं शनिवार पेठेत गेलो. भावजींची आठवड्याची बैठक होती. सात-आठ माणसं सतरंजीवर, बहुतेक माझ्याच वयाची, दोघी-तिघींच्या हातात डॉक्टरांच्या फायली. मधोमध तांब्याचा हंडा आणि त्यावर ओघराळं, म्हणजे स्फटिकजल.

नागोरावांना पाहताच भावजींचा चेहरा उजळला. एक फोन न करणारे हे गृहस्थ उठून उभे राहिले, त्यांचा हात धरून लोकांना म्हणाले, हे आमचे मार्केट यार्डातले नागोराव, कष्टाचा माणूस, यांची गोळी सुटली. नागोराव खाली बसले, खिशातून रुमाल काढला आणि लोणच्यातला दगड त्यांच्यापुढे ठेवला.

“साहेब, एवढा वळखून द्या.”

भावजींनी सगळं यथासांग केलं. काच, सुरी, लिंबू, गाल. मग दगड दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटले. यमुनाबाईंनी राखेने घासला होता, पण एका बारीक चिरेत हिंग-मोहरी राहिली असणार.

“साधा नाही,” ते डोळे न उघडता म्हणाले. “हिमालयातलाच. पण यात उग्रता आहे. एक तीव्र कंपन आहे, नाकापर्यंत जाणवतं. हा कुणाच्या तरी साधनेतला दगड आहे. फार वर्षं एका जागी बसलेला.”

सतरंजीवरच्या एका बाईंनी नमस्कार केला.

“किती वर्षं?” भावजींनी विचारलं.

“सव्वीस,” यमुनाबाई म्हणाल्या.

“मला वाटलंच. कुठे होता?”

“लोणच्यात.”

भावजींनी डोळे उघडले. कोपऱ्यातल्या एका आजोबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. नागोरावांनी मखमली पिशवीतला दगड काढून त्याच्या शेजारी ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “ह्यो तुमचा, ह्यो आमचा. दोन्ही गारा. खऱ्या हायत, तुम्ही खोटं न्हाई बोलला. पर गार ती गारच.” मग त्यांनी दोन्ही दगड रुमालात घालून खुळखुळवले आणि समोर सोडले. दोन्ही सारख्याच आकाराचे, दोन्ही पांढरे. “आता तुमचा उचला.”

भावजी दगडांकडे बघत राहिले. ते एकदा वासही घेऊ शकले असते, पण सगळ्यांसमोर कसा घेणार.

सतरंजीवरचे एक गृहस्थ पुढे सरकले आणि त्यांनी यमुनाबाईंना विचारलं, तो लोणच्यातला विकायचा आहे का. हे मी बनवून सांगत नाही. लोकांची तयारी नाही असं भावजी का म्हणतात कोण जाणे, माझ्या मते तयारी भरपूर आहे.

“न्हाई,” यमुनाबाई म्हणाल्या. “घरी लोणचं उघडं पडलंय.” आणि त्यांनी दोन्हीतला हाताला लागेल तो एक उचलून पिशवीत टाकला.

“बघून तरी घ्या कुठला ते,” मी म्हटलं.

“कुठला बी चालतो ताई. लोणच्याला काय कळतंय.”

नागोरावांनी सकाळची गोळी मुद्दाम मागे ठेवली होती. त्यांनी खिशातून पट्टी काढली, गोळी फोडली, हंड्यातलं ओघराळंभर पाणी तोंडाला लावलं आणि सगळ्यांच्या देखत गोळी गिळली. फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईंनी ते नीट पाहिलं, मग आपली फाईल उघडून आतला कागद वाचायला लागल्या. त्या आमच्या मागोमागच जिना उतरल्या. एवढ्यावरच मी त्या दिवशी समाधान मानलं.

खाली रस्त्यावर आल्यावर नागोराव म्हणाले, “पाणी मातर ग्वाड हाय. म्युन्सिपालटीचंच आसंल.”

त्यालाही आता चार महिने झाले. नागोराव हलकी कामं करतात, गोळी चुकवत नाहीत, आकडा ताब्यात आहे. लोणचं छान मुरलं आहे, यमुनाबाईंनी परवाच मला वाटीभर दिलं. भावजींचं दुकान चालू आहे. मागच्या आठवड्यात श्रद्धाकडे जेवायला गेले होते तेव्हा पाटी पुन्हा पाहिली. खाली एक नवी ओळ आली आहे. ‘स्वयंपाकघरातील दगड तपासले जाणार नाहीत.’

अक्षर नेहमीसारखंच सुंदर आहे.